मोत्या का खाजवतो?

रात्री दोनचा सुमार. सारे घर निजलेले, आणि पलंगाखालून सुरू होते ती खसखस! मग गळपट्ट्याची किणकिण, मग फरशीवर पायाची थाप. "मोत्या, गप रे!" म्हटले की क्षणभर शांतता, पुन्हा आपली खसखस आहेच. असे दोन महिने गेले तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली, याला कुठेतरी सोडून यावे. मुलांनी ती ऐकली, आणि त्या रात्री कुणी धड जेवले नाही.

उपाय का थोडे झाले होते? कडुनिंबाचा पाला उकळून झाला, खोबरेल झाले, आमचा अंगाचा साबण झाला. (कुत्र्याची कातडी आपल्याहून पातळ, आपल्या साबणाने ती कोरडी पडून खाज वाढते, हे ज्ञान मागाहूनचे!) शेजाऱ्यांनी रॉकेल सुचवले. ते मात्र आम्ही लावले नाही, हे नशीब. त्याने कातडी पोळते, आणि चाटले तर ते विषच.

पशुवैद्यांनी पहिला प्रश्न विचारला तो औषधाचा नव्हे, "नेमका कुठे खाजवतो?" असा. कानांच्या कडा आणि कोपरे खाजवत असेल तर खरजेचा संशय. ती माणसालाही लागते. पंजे चाटणे, काखा, पोट, तोंड, असे असेल तर बहुधा धुळीची किंवा परागांची अॅलर्जी. मोत्याचा सारा रोख शेपटीच्या बुडावर.

"म्हणजे पिसवा," डॉक्टर म्हणाले.

"छे हो! एकही दिसली नाही."

त्यांनी बारीक फणी फिरवली, निघालेले काळे कण ओल्या कापसावर टाकले. कणांभोवती तांबूस डाग पसरला. ते पिसवांच्या पोटातून गेलेले मोत्याचेच रक्त! पिसवेच्या लाळेची अॅलर्जी असली की एखाददुसरा चावाही पुरतो. खाज दिवसच्या दिवस टिकते, आणि पिसू तर कुत्रा चावून चावून कधीच गिळून टाकतो.

खरी मेख पुढेच आहे. कुत्र्याच्या अंगावर असतो तो पिसवांच्या बिऱ्हाडाचा लहानसा हिस्सा. अंडी-अळ्या राहतात सतरंजीत, कोचाच्या फटीत, पलंगाखालच्या धुळीत. आणि कोशातली पिसू महिनोन्महिने दबा धरून बसते. आधी एकदा घेतलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने खाज थांबली आणि पंधरवड्यात परतली, ती यामुळेच. खाजेवर २०१३ पासून स्टेरॉइडहून वेगळी गोळीही मिळू लागली आहे; पण घर तसेच राहिले तर तीही काय करणार?

तेव्हा तीन महिने डॉक्टरांनी दिलेले पिसवांचे औषध तारखेला, मोत्याचे अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात, आणि केरसुणी पलंगाखाली अगदी भिंतीपर्यंत. घरातल्या मांजरीलाही औषध लागते, पण तिचे वेगळे. कुत्र्याच्या काही औषधांतले परमेथ्रिन मांजराचा जीव घेऊ शकते.

इतके करूनही खाज राहिली असती, तर आठ आठवडे ठरलेलाच आहार देऊन पाहायचा होता. ते आमच्याकडे कठीणच. आजी बिस्किटाचा तुकडा पदराआडून देते!

परवा रात्री दोनला मला सवयीने जाग आली. आवाज नाही. घाबरून पलंगाखाली वाकलो, तर मोत्या चारी पाय वर करून घोरत होता.