बोंडअळीला बीटीची ‘सवय’ झाली नाही, मग झालं काय? दहावीचा धडा मूग-उडदाच्या दाण्यांतून

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. मेंडेलचे वाटाणे आणि लॅमार्कचा जिराफ पोरं पाठ करतात, परीक्षेत लिहून मोकळी होतात. पण कापूस पिकवणाऱ्या गावात हा धडा घराजवळच्या वावरात रोज घडतो. त्याचं नाव गुलाबी बोंडअळी, कुणी शेंदरी म्हणतं.

बीटी कापसाला देशात २००२ साली परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचं बीजी-२ आलं. सुरुवातीला अळी हटली, फवारणीचा खर्च वाचला. २०१० मध्ये गुजरातमधून बातमी आली, की पहिल्या बीटीला गुलाबी अळी दाद देत नाही. पुढं बीजी-२ चीही तीच गत झाली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडं फोडली की आत अळी आणि सडलेली सरकी निघायला लागली.

पारावर विचारलं तर उत्तर ठरलेलं: “अळीला सवय झाली.” वर्गातली पोरंही हेच सांगतात, कारण घरी तेच ऐकतात. ही चूक म्हणजे थेट लॅमार्कचा जिराफ, मान ताणून ताणून लांब झालेला. प्रत्यक्षात कुठल्याही अळीला सवय झाली नाही. जिला बीटी बाधायचं ती मेली. हजारो अळ्यांत एखादी जन्मतःच वेगळी होती, ती वाचली आणि पिल्लं तिचीच झाली. यालाच पुस्तकात नैसर्गिक निवड म्हणतात.

हे फळ्यावर सांगून पटत नाही, हातानं करून पटतं. साहित्य किराणा दुकानातलंच. ८० दाणे हिरवे मूग आणि २० दाणे काळे उडीद एका डब्यात मिसळायचे. आकार जवळपास सारखा असल्यानं बोटांना फरक कळत नाही. प्रत्येक दाणा म्हणजे एक जनुक: मूग साधा, उडीद बीटीला न जुमानणारा. डोळे मिटून दोन-दोन दाणे काढायचे. जोडी म्हणजे एक अळी, एक दाणा आईकडून, एक बापाकडून. अशा ५० अळ्या होतात.

आता नियम. बीटीच्या शेतात दोन्ही दाणे काळे असलेलीच अळी जगते. एक मूग, एक उडीद असेल तरी मरते, कारण हा गुण अप्रभावी आहे. मेंडेलच्या वाटाण्यात बुटकेपणा जसा, तसाच.

पहिला गट सगळ्या ५० जोड्या बीटीत टाकतो. साधारण दोन वाचतात, कधी एक, कधी तीन. (एकही वाचली नाही तर दाणे परत मिसळून पुन्हा काढायचे.) पोरं खूश होतात, अळी संपली म्हणून. पण वाचलेल्या जोड्यांत फक्त उडीदच असतो. त्यांच्याच पिल्लांनी डबा पुन्हा १०० दाण्यांचा भरला, तर सगळा काळा. पुढच्या फेरीत एकही अळी मरत नाही. वर्गात या क्षणी जी शांतता होते, ती शंभर ओळींच्या टिपणापेक्षा जास्त शिकवते.

दुसऱ्या गटाला मात्र ४० जोड्या बीटीत आणि १० जोड्या साध्या कपाशीत ठेवायला सांगायचं. साध्या कपाशीत कुणीच मरत नाही. मग दोन्हीकडचे वाचलेले दाणे एकत्र करायचे. उडीद २० टक्क्यांवरून तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जातो. वाढतो, पण डबा एका फेरीत काळा होत नाही. साध्या कपाशीतल्या पतंगांशी जोडी जमल्यामुळं बऱ्याच पिल्लांना एक मूग मिळतो आणि ती बीटीवर मरतात. खऱ्या शेतात सुरुवातीला असा ‘उडीद’ २० टक्के नसतो, अगदी विरळा असतो. म्हणून तिथं ही युक्ती जास्त वर्षं टिकते.

ती साधी कपाशी म्हणजेच बियाण्याच्या पिशवीसोबत येणारं १२० ग्रॅमचं नॉन बीटीचं पाकीट. कडेनं पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, असा नियम होता. किती जणांनी ते पेरलं, हे ज्यानं त्यानं आठवावं. पण सगळा दोष शेतकऱ्यावर टाकणंही बरोबर नाही. दोन एकरवाल्याला अळीसाठी पीक सोड म्हणायचं आणि का सोडायचं हे सांगायचंच नाही, मग पाकीट बांधावरच पडणार. पुढं साधं बी पिशवीतच मिसळून द्यायला सुरुवात झाली.

हिरव्या बोंडअळीची गोष्ट वेगळी. ती तूर, हरभरा, टोमॅटो सगळं खाते, म्हणजे तिला साधं रान आपोआप मिळतं. गुलाबी अळी जवळपास कपाशीवरच जगते. त्यात फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड ठेवली, की बीटीवरच आणखी पिढ्या निघतात. खेळात त्या जादा फेऱ्या धरायच्या.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात १९९६ पासून बीटी कापूस आहे. तिथं साध्या कपाशीचा नियम पाळला गेला. २००६ पासून वांझ केलेले पतंगही शेतात सोडले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचं तिथल्या सरकारनं जाहीर केलं.

दाण्यांचा खेळ एका तासात होतो. त्याला जोड म्हणून शाळेजवळच्या वावरात कामगंध सापळे लावून पोरांनी रोज पतंग मोजून वहीत लिहावेत. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग सापडले, तर ती फवारणीची पातळी. तो आकडा पोरांनी त्याच संध्याकाळी घरी सांगायचा.