रेजा आणि मिस्त्री

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. ही नगरी ज्या हातांनी उभारली, त्यांत आसपासच्या खेड्यांतील स्त्रियांचेही हात होते. बांधकामावरील अशा मजूर स्त्रीला छत्तीसगडात ‘रेजा’ म्हणतात. विटांची चळत डोक्यावर घेऊन वर चढते ती रेजा आणि थापी घेऊन भिंत रचतो तो मिस्त्री. ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे, की ती निसर्गानेच केली असावी असे वाटते.

कामांच्या या वाटणीविषयी विद्वानांनी निरनिराळ्या उपपत्ती मांडल्या आहेत. पहिली शरीरबळाची : अवजड काम पुरुषाचे, हलके स्त्रीचे. परंतु येथे ओझे रेजाच्या डोक्यावर आहे आणि थापी मिस्त्रीच्या हातात.

दुसरी उपपत्ती डॅनिश अर्थशास्त्रज्ञ एस्टर बोसरुप यांनी १९७० साली मांडली. कुदळीच्या फिरत्या शेतीत, विशेषतः आफ्रिकेत, स्त्रीचा वाटा मोठा असतो. नांगर आला की शेती पुरुषाच्या हाती जाते. छत्तीसगडात नांगर पुरुषाचाच. परंतु भाताची लावणी, निंदणी स्त्रियांवाचून होत नाही. अर्थात अवजार बदलले की वाटणी बदलते हे खरे. तथापि पीक आणि रूढी यांचाही त्यात हिस्सा असतो.

तिसरी उपपत्ती संस्कारांची. अमेरिकेच्या मार्गारेट मीड यांनी १९३५ साली न्यू गिनीतील तीन जमातींचे वर्णन करून दाखविले, की एके ठिकाणी ‘बायकी’ ठरलेला स्वभाव दुसरीकडे पुरुषाचा मानला जातो. त्यांच्या काही निष्कर्षांवर पुढे आक्षेप आले. मात्र त्यांनी उभा केलेला प्रश्न मिटला नाही.

त्या प्रश्नाची कसोटी भिलाईतच लागते. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांनी येथे दीर्घकाळ अभ्यास केला; त्यांचा ग्रंथ २०२० साली प्रसिद्ध झाला. कायम नोकरीतील कामगाराची पत्नी बहुधा मजुरीला जात नाही. घरी राहणे हे प्रतिष्ठेचे लक्षण ठरले आहे. ठेकेदाराकडील कामगाराच्या घरात मात्र नवराबायको दोघेही राबतात. एकाच गावच्या, एकाच जातीच्या दोन बहिणींचे आयुष्य असे वेगळे होऊ शकते. येथे निसर्ग बदललेला नाही. बदलली आहे ती पगाराची शाश्वती.

कायद्याचाही यात हात आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने स्त्रियांना रात्रपाळीस मज्जाव केला. हेतू संरक्षणाचा होता. परंतु तीन पाळ्यांत अखंड चालणाऱ्या पोलाद कारखान्यात त्यामुळे स्त्रीसाठी दार अरुंद झाले. संसदेने २०२० साली संमत केलेल्या संहितेने स्त्रीच्या संमतीने व सुरक्षिततेच्या अटींवर रात्रीच्या कामाला वाट दिली.

सारांश, कोणते काम कोणाचे हे शरीर, अवजार, रूढी, पगार आणि कायदा मिळून ठरवितात. यांपैकी शेवटची चार माणसाच्या हातची आहेत. रेजाच्या मुलीला थापी धरायला शिकविले आणि मिस्त्रीची मजुरी दिली, तर पुढच्या पिढीला तेही काम स्त्रीचे स्वाभाविक कामच वाटेल.