जुन्या वेगवान मोटारीचे नवे टायर



बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव कशी चढवितो हें ज्यानें एकदां पाहिलें असेल, त्याला टायरच्या मापाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. धाव लाल होईपर्यंत तापवितात, तापून ती वाढली कीं चाकावर बसवितात आणि लगेच वरून पाणी ओततात. निवतांना ती आक्रसते व चाकास जखडून बसते. माप थोडें अधिक झालें तर धाव वाटेंतच निसटते. उणें झालें तर आऱ्यांवर ताण येऊन चाकच वांकडें होतें. मोटारीच्या रबरी टायरचें शास्त्र याहून पुष्कळ गुंतागुंतीचें आहे, परंतु मुळांत प्रश्न तोच आहे. फरक इतकाच, कीं मोटारीच्या बाबतींत चुकलेलें माप दुकानाच्या दारांत दिसून येत नाहीं. तें दिसतें घाटाच्या वळणावर, पहिल्या पावसांत, किंवा ताशीं दीडशें किलोमीटरांच्या वेगांत.

साध्या नव्या मोटारीच्या मालकाला या बाबतींत फारसा विचार करावा लागत नाहीं. झिजलेल्या टायरवरचे आंकडे तो दुकानदारास वाचून दाखवितो आणि तसाच टायर घेऊन येतो. चाळीस किंवा साठ वर्षांपूर्वींच्या वेगवान मोटारीच्या मालकाची अडचण अशी, कीं त्याच्या टायरवरचे आंकडे सर्वसाधारण दुकानांतून केव्हांच नाहींसे झालेले असतात. मग दुकानदार म्हणतो, "हें नाहीं, पण याच्या अगदीं जवळचें माप आहे." हा 'अगदीं जवळचें' शब्द किती फसवा आहे, तें एका प्रसिद्ध मोटारीच्या उदाहरणानें पाहूं.

मार्च १९६१ मध्यें जिनीव्हाच्या प्रदर्शनांत जग्वार कंपनीनें आपली ई-टाइप मोटार लोकांपुढें आणली. ३.८ लिटरचें सहा सिलिंडरांचें एंजिन, तारांचीं चाकें, आणि ताशीं २४० किलोमीटरांच्या आसपासच्या वेगाची ख्याति. तिच्या आरंभींच्या चाकांवर ६.४०-१५ या मापाचे डनलॉप टायर असत. म्हणजे रुंदी ६.४० इंच आणि रिमचा व्यास १५ इंच. पुढें रेडियल टायर आले व माप १८५-१५ असें लिहूं लागले. येथें रुंदी मिलिमीटरांत आणि व्यास मात्र इंचांतच! ही धेडगुजरी पद्धत जगानें आजतागायत सांभाळली आहे. १९७१ सालीं बारा सिलिंडरांची ई-टाइप निघाली, तिच्या टायरवर तर ई ७० व्हीआर १५ अशी निराळीच लिपि होती. एकाच नांवाची मोटार, पण दहा-बारा वर्षांत मापाच्या तीन भाषा झाल्या.

आतां १८५-१५ हे आंकडे घेऊन आपला मालक दुकानांत जातो आणि त्याच्यापुढें १८५/७० आर १५ असा टायर येतो. १८५ तेच, १५ तेच. मधला ७० हा आंकडा कांहीं तरी सुधारणा असेल असें समजून तो पैसे मोजतो. घोटाळा नेमका त्या मधल्या आंकड्यांत आहे. टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा किती, हें तो आंकडा सांगतो. जुन्या रेडियल टायरवर हें प्रमाण लिहीत नसत, कारण तें ठरलेलें असे: शेंकडा ८० ते ८२.

श्रोत्यांनीं हवें तर कागद-पेन्सिल घ्यावी. हिशेब शाळेंतल्या मुलालाही येईल असा आहे. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. १८५ चे शेंकडा ८० म्हणजे १४८. भिंत वर एक व खालीं एक, म्हणून २९६. एकूण चाकाची उंची ६७७ मिलिमीटर. आतां ७० प्रमाणाचा टायर घ्या. भिंत १२९.५, दोन भिंती २५९, एकूण ६४०. दोहोंत ३७ मिलिमीटरांचा, म्हणजे शेंकडा साडेपांचांचा फरक पडला. प्रत्यक्ष टायर या हिशेबाहून दोन-चार मिलिमीटर इकडे-तिकडे भरतो, पण तुलनेला हें गणित पुरेसें आहे.

या साडेपांचांनीं काय होतें? मोटार सुमारें १८ मिलिमीटर जमिनीकडे बसते. वेगदर्शक कांटा शंभर दाखवील तेव्हां गाडी साडेचौऱ्याण्णवानेंच धांवत असते. मागच्या आंसाचें गुणोत्तर ३.३१ असलेल्या ई-टाइपचें एंजिन ताशीं १६० किलोमीटरांस मिनिटाला सुमारें ४१५० फेरे घेत असे. तें आतां सुमारें ४४०० घेऊं लागतें. लांबच्या प्रवासांत ही वाढीव घरघर कानाला जाणवते. गाडी उचल थोडी चपळ घेते, आणि मालकास वाटतें कीं टायर फार छान मिळाले! उलट बाजूची चूक, म्हणजे मूळच्याहून उंच टायर, याहून वाईट. कारण त्यांत कांटा खऱ्या वेगापेक्षां कमी दाखवूं लागतो आणि चालकाला आपण किती धांवतों याचाच पत्ता राहत नाहीं.

मग या मोटारीला काय घालावें? माझ्या मतें, मूळ १८५-१५ हेंच माप उत्तम. पिरेली व मिशेलीन यांसारखे कारखाने जुन्या मोटारींसाठीं जुन्या मापांचे टायर आज पुन्हा काढतात. ते महाग असतात, पण ज्यानें अशी मोटार बाळगली त्यानें या खर्चास नाक मुरडूं नये. दुसरा मार्ग २०५/७० आर १५ हा. त्याची उंची ६६८ येते, म्हणजे फरक शेंकडा सव्वापेक्षां किंचित् अधिक. बारा सिलिंडरांच्या मोटारीवरील ई ७० ची आजची बरोबरी हीच. मात्र त्या मोटारीची रिम ६ इंच रुंद होती आणि आरंभींच्या मोटारीची ५ इंच. प्रत्येक टायरला रिमच्या रुंदीची खालची व वरची मर्यादा असते. २०५/७० ला ५ इंच ही खालची कड आहे. तो बसतो, पण भिंती बाहेर फुगतात, तळवा मधोमध उचलला जातो आणि स्टिअरिंग वळविल्यावर गाडी क्षणभर विचार करून मग वळते. २०५/६० ला तर निदान साडेपांच इंच रिम लागते. तो ५ इंचांवर घालणें म्हणजे लहान वहाणेंत मोठा पाय कोंबणें होय. शिवाय रुंद टायर मागच्या मडगार्डला घांसतो कीं काय, हें गाडी उभी असतां कळत नाहीं. माणसें बसवून, स्प्रिंगा दाबून, आणि पुढचीं चाकें दोन्ही टोंकांपर्यंत वळवून पाहावें लागतें.

येथें एका लोकप्रिय समजाचा समाचार घेतला पाहिजे. टायर जितका रुंद तितकी पकड अधिक, असें तरुण मंडळी ठामपणें सांगतात. रस्त्यास टेंकणाऱ्या भागाचें क्षेत्रफळ मुख्यतः गाडीचें वजन आणि हवेचा दाब यांवर ठरतें. टायर रुंद केला तर तो भाग आडवा पसरतो आणि लांबींत आंखुडतो. क्षेत्रफळ फारसें बदलत नाहीं. कोरड्या वळणावर या आडव्या आकाराचा फायदा होतो, यांत शंका नाहीं. परंतु पाणी सांचलेल्या रस्त्यावर रुंद टायरला अधिक पाणी बाजूला सारावें लागतें, आणि तें साधलें नाहीं तर तो पाण्यावर तरंगूं लागतो. मुंबईकरांस जुलै महिन्याची आठवण करून दिली म्हणजे पुरे. ज्या मोटारीस स्टिअरिंगला यांत्रिक मदत नाहीं तिचें चक्र उभ्या गाडींत फिरवितांना मनगटें भरून येतात, ती गोष्ट निराळीच. आणि तारांच्या चाकाला आंत ट्यूब लागते. ट्यूब त्याच मापाची हवी. बुटक्या भिंतींच्या आधुनिक टायरांत ती नीट मावत नाहीं, चुरगळते, घांसते आणि अवचित फुटते.

जर्मनीची पोर्शे ९११ हें दुसऱ्या प्रकारचें कोडें आहे. १९८४ ते १९८९ या काळांतील ३.२ लिटरच्या कॅरेराचें एंजिन मागच्या आंसाच्याही मागें टांगलेलें असतें, त्यामुळें वजनाचा मोठा वांटा मागच्या चाकांवर येतो. म्हणून १५ इंची चाकांवर पुढें १८५/७० व मागें २१५/६० असे टायर असत, आणि १६ इंची चाकांवर पुढें २०५/५५ व मागें २२५/५०. आतां मघांचा हिशेब लावून पाहा. १५ इंचींत पुढची उंची ६४०, मागची ६३९. १६ इंचींत पुढची ६३२, मागची ६३१. रुंदी वेगळी, पण उंची जवळजवळ एकच! रचनाकारानें भिंतीचें प्रमाण मागें कमी केलें तें दिसण्यासाठीं नव्हे, तर रुंदी वाढवूनही चाकाची उंची कायम राखण्यासाठीं. असें गणित जुळलेलें पाहून मनास मोठा आनंद होतो.

हें न जाणतां चारी चाकांस सारखेच टायर घालणारे लोक आहेत. चार एकसारखे घेतले तर दुकानदार सूटही देतो. पण मग पुढच्या टोकाची पकड मागच्याच्या तोडीची होते आणि वळणावर जड शेंपटी बाहेर फेंकली जाण्याची भीति वाढते. ज्या मोटारीची मूळ घडण अशी नाजूक तोलाची, तिच्या पुढच्या-मागच्या रुंदींतलें अंतर हा तिच्या तोलाचाच एक भाग समजावा.

असाच, किंबहुना याहून मोठा, धोका दोन जातींचे टायर मिसळण्यांत आहे. जुन्या क्रॉसप्लाय टायरांत धाग्यांचे थर एकमेकांस तिरपे छेदून जातात. रेडियल टायरांत ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात व तळव्याखालीं पट्टा असतो. मिशेलीन कंपनीनें १९४६ सालीं या रचनेचें पेटंट घेतलें. रेडियलची भिंत लवते पण तळवा रस्त्यावर सपाट राहतो, म्हणून तो वळणास लवकर प्रतिसाद देतो. तेव्हां पुढें रेडियल आणि मागें क्रॉसप्लाय घातले, तर पुढचें टोंक वळतें आणि मागचें तें ऐकत नाहीं. ब्रिटनमध्यें या मांडणीस कायद्यानेंच मनाई आहे. एकाच आंसावर दोन जाती तर कधींच नकोत.

मापाइतकेंच टायरवरील शेवटचें अक्षर महत्त्वाचें, आणि ग्राहक नेमकें तेंच वाचावयाचें राहतो. तें वेगाची मर्यादा सांगतें. एस म्हणजे ताशीं १८० किलोमीटर, टी १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. जुन्या काळीं व्ही याचा अर्थ केवळ '२१० च्या वर' एवढाच असे. आज त्याला २४० चें कुंपण आहे. म्हणून मूळ टायरवर व्ही होता एवढ्यावर थांबूं नये, मोटारीचा कमाल वेग पाहावा. 'मी कोठें एवढ्या वेगानें जाणार?' असें कोणी म्हणेल. मालक जाणार नाहीं, पण उद्यां गाडी विकत घेणारा जाईल. शिवाय हें अक्षर टायर किती उष्णता सोसतो याचेंही माप आहे, आणि वेगांत टायर फुटतो तो बहुधा उष्णतेनेंच. २०५/७० आर १५ या आंकड्यांच्या पुढें सी हें अक्षर असलेले टायर मालवाहू व्हॅनसाठीं असतात. मजबूत असले तरी वेगवान मोटारीचें काम त्यांचें नव्हे. अक्षराच्या शेजारचा आंकडा भार सांगतो: ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९२ म्हणजे ६३०. तो मूळच्याहून कमी नसावा.

आतां एक चमत्कारिक प्रकरण. १९७५ च्या सुमारास मिशेलीननें टी.आर.एक्स. नांवाचे टायर काढले व त्यांत रिमचा व्यासही मिलिमीटरांत ठेवला. मोजण्याची ही पद्धत खरोखर शहाणपणाची होती, पण जगानें ती घेतली नाहीं. बी.एम.डब्ल्यू. व फेरारी यांच्या कांहीं मोटारी २२०/५५ व्हीआर ३९० हें माप घेऊन बाहेर पडल्या. ३९० मिलिमीटर म्हणजे १५.३५ इंच. १५ इंची टायर त्या रिमवर चढत नाहीं. १६ इंची चढतो, पण त्याची कड बसत नाहीं. तेथें हवा भरण्याचा प्रयोग कोणींही करूं नये. कड सुटून माणूस जायबंदी होईल. उपाय दोनच: ते टायर आजही थोड्या संख्येनें निघतात ते भारी किंमतीनें आणणें, नाहीं तर चाकेंच बदलून १६ इंची घेणें. दुसऱ्या मार्गानें २२५/५० आर १६ बसविला तर उंची ६३१ येते, आणि मूळची ६३२ होती; गिअर, वेगदर्शक, मडगार्ड कोणासच तक्रार उरत नाहीं. जुनीं चाकें मात्र मोडींत न घालतां जपून ठेवावीं.

माप बरोबर, अक्षर बरोबर, नक्षीही भरपूर शिल्लक. तरीही टायर टाकाऊ असूं शकतो. जुनी मोटार वर्षांतून चार वेळां बाहेर पडते, नक्षी झिजत नाहीं, पण रबर आंतून म्हातारें होत असतें, आणि आपल्याकडील उन्हांत अंमळ लवकरच. टायरच्या भिंतीवर कारखान्याच्या खुणेच्या शेवटीं चार आंकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतला. तीनच आंकडे असतील तर तो २००० सालापूर्वींचा, आणि त्यावर बसून घराबाहेर पडूं नये. दहा वर्षांनंतर टायर वापरूं नये असें नांवाजलेले कारखानदारही सांगतात. विकत घेतांनाही हे आंकडे वाचावे. दुर्मिळ माप दुकानाच्या माळ्यावर बरींच वर्षें पडून असूं शकतें.

नवे टायर चढल्यावर मूळ पुस्तिकेंतला हवेचा दाब तसाच भरूं नये. तो दाब क्रॉसप्लायसाठीं लिहिलेला असेल तर रेडियलला लागू नाहीं. टायरच्या कारखानदाराकडून नवा आंकडा मागून घ्यावा. आणि डिकींतलें पांचवें चाक काढून पाहावें. चार टायर नवे करून घेणारा गृहस्थ बहुधा त्या पांचव्यास हात लावीत नाहीं, आणि तेथें अजून पहिल्या मालकाच्या काळचा क्रॉसप्लाय झोंपलेला असतो.