गळ्यातला पहारेकरी

आमचा धाकटा मुलगा आठवीत आहे. शाळेत प्रार्थना तोच सांगायचा. यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याचा आवाज फुटला. एकाच ओळीत दोन आवाज निघू लागले, मुलं हसली आणि त्यानं पुढे उभं राहणंच सोडलं. "अब्बा, माझा गळा बिघडला का?" त्यानं विचारलं. मी कवी माणूस, शिक्षण बी. ए. पर्यंत. सारं आयुष्य आवाजावर काढलं. पण आवाज तयार कसा होतो, हे मलाही धड सांगता येईना. मग वरूडच्या आमच्या डॉक्टरांना विचारलं, पुस्तकं चाळली. कळलं ते आपल्यासमोर ठेवतो.

गळ्यावर बोट ठेवा. टणक उंचवटा लागतो तो कंठमणी. त्याच्यामागे स्वरयंत्र असतं. ते कूर्चेचं बनलेलं. कूर्चा म्हणजे हाडाहून मऊ आणि मांसाहून टणक. आत दोन स्वरतंतू ताणलेले असतात. श्वास घेताना ते बाजूला सरतात. बोलताना जवळ येतात आणि फुफ्फुसातून वर येणारी हवा त्यांना थरथरवते. बोट तसंच ठेवून 'सऽऽ' म्हणा, मग 'झरा'मधला 'झऽऽ' म्हणा. दुसऱ्या वेळी बोटाला थरथर जाणवेल. हे तंतू हलताना पाहण्याची युक्ती 1854 मध्ये मॅन्युएल गार्सिया यांना सुचली. दंतवैद्याचा आरसा घशाशी धरून, त्यावर ऊन पाडून त्यांनी स्वतःचाच गळा पाहिला. ते डॉक्टर नव्हते, गाणं शिकवणारे गुरुजी होते!

पण स्वरयंत्राचं पहिलं काम बोलणं नाही, पहारा देणं आहे. आईच्या पोटात चौथ्या आठवड्याच्या सुमाराला अन्नाच्या वाटेलाच श्वासाच्या वाटेचा कोंब फुटतो. म्हणून जन्मभर या दोन वाटा घशात एकमेकींना छेद देतात. घास गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, पानासारखं झाकण त्यावर कलतं आणि स्वरतंतू मिटतात. पहारा जरा चुकला की ठसका लागतो.

तान्ह्या बाळाचं स्वरयंत्र बरंच वर असतं. त्यामुळे दूध पिता पिता नाकानं श्वास घेणं त्याला सोपं जातं. पुढे ते हळूहळू खाली सरकतं. वरची जागा मोकळी होते आणि जिभेला नाना उच्चार करता येतात. मात्र घास आडवाटेला जाण्याची भीतीही वाढते. बोलणं आपल्याला फुकट मिळालेलं नाही.

वयात येताना मुलांची ही कूर्चा झपाट्यानं वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. बोलताना मोठ्या पुरुषाचे तंतू सेकंदाला साधारण 100 ते 130 वेळा थरथरतात, बाईचे 200 च्या आसपास. स्नायूंना मात्र या नव्या मापाची सवय नसते. रोजचं वाद्य काढून मोठं हाती दिलं, तर वादकाची बोटं काही दिवस चुकणारच. काही महिन्यांत आवाज बसतो. मुलाला म्हटलं, "गळा बिघडला नाही, वाढतो आहे."

बिघडणं निराळं. माझा एक मित्र संत्र्यांच्या मंडीत हर्रास पुकारायचा. तोंडात सदा खर्रा. आवाज घोगरा झाला तेव्हा ओरडून बसला असेल म्हणून त्यानं महिने घालवले, आणि आम्हीही हसण्यावारी नेलं. निघाला कर्करोग. नागपूरला त्याचं स्वरयंत्र काढावं लागलं. आता तो मानेवरच्या भोकातून श्वास घेतो. दोन्ही वाटा वेगळ्या झाल्या. घास श्वासनलिकेत शिरण्याचं भय सरलं, पण आवाजही गेला. दोन वाटांमध्ये डॉक्टरांनी बारीक झडप बसवली आहे. भोकावर बोट दाबलं की हवा अन्ननलिकेत शिरते, तिथली भिंत थरथरते आणि शब्द उमटतात.

म्हणून एवढंच सांगतो : मोठ्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला, तर घरच्या काढ्यावर थांबू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. खर्रा, बिडी खाणाऱ्या-ओढणाऱ्यांनी तर नक्कीच. हा रोग वेळेवर सापडला तर पुष्कळदा स्वरयंत्र वाचवता येतं.

मागच्या आठवड्यात मित्र घरी आला. मुलाची हकिकत ऐकून त्यानं भोकावर बोट दाबलं आणि खरखरत विचारलं, "काऊन रे, प्रार्थना काऊन सोडली?"

मुलगा काही बोलला नाही. पण सोमवारपासून तो प्रार्थना म्हणतो. सध्या मागच्या रांगेतून, खालच्या पट्टीत.