रिंकू सिंग, पिचर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात 28 सप्टेंबर 2025 रोजी दुबईत पाकिस्तानविरुद्ध विजयी चौकार मारणारा रिंकू सिंग आणि अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल खेळलेला रिंकू सिंग ही एकच व्यक्ती असल्याचा समज, दोघेही डावखुरे आणि उत्तर प्रदेशचे असल्यामुळे, सहज होऊ शकतो. वस्तुतः क्रिकेटपटू अलीगढचा फलंदाज आहे, तर 1988 मध्ये जन्मलेला दुसरा भदोही जिल्ह्यातील गोपीगंजचा पिचर होता.

पिचर म्हणजे बेसबॉलमधील गोलंदाज, ही व्याख्याही अपुरी आहे. पिचर धावत येत नाही. सुमारे 25 सेंटिमीटर उंच मातीच्या उंचवट्यावर पाय रोवून तो 18.44 मीटरवर बसवलेल्या पाटीच्या दिशेने, म्हणजेच तिच्याशेजारी उभ्या फलंदाजासमोर, टप्पा न पाडता चेंडू टाकतो, आणि तसे करताना वाकवलेले कोपर झटक्यात सरळ करण्याची त्याला पूर्ण मुभा असते. क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर 15 अंशांहून अधिक सरळ झाल्यास तो अवैध ठरतो. म्हणूनच 2008 च्या ‘मिलियन डॉलर आर्म’ या भारतीय शोधस्पर्धेतून पुढे आलेले रिंकू आणि दिनेश पटेल हे क्रिकेटपटू नव्हते, तर भालाफेकपटू होते, यात नवल नाही.

या शोधस्पर्धेच्याच नावाच्या 2014 च्या चित्रपटामुळे हे दोघे मेजर लीग, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची सर्वोच्च स्पर्धा, खेळले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगमधील संघाने त्यांना करारबद्ध केले ते मायनर लीगसाठी, म्हणजे सर्वोच्च स्पर्धेखालच्या प्रशिक्षणवजा पायऱ्यांसाठी. तेथे 2009 च्या जुलैत रिंकूच्या नावावर विजय नोंदला गेला. दिनेशची कारकीर्द 2010 मध्येच आटोपली, तर रिंकू 2012 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या ‘ए’ श्रेणीच्या संघापर्यंत पोहोचला. त्यानंतर मात्र कोपराच्या दुखापतीने त्याला मैदानाबाहेर ठेवले, आणि 2018 मध्ये तो कुस्तीच्या व्यावसायिक प्रयोगांकडे, डब्ल्यूडब्ल्यूईकडे, वळला. पुढे तेथे तो ‘वीर महान’ म्हणून ओळखला गेला.

दुबईतील ‘बेसबॉल युनायटेड’ या लीगमध्ये ‘मुंबई कोब्राज’ नावाचा संघ असल्यामुळे भारतीयांच्या व्यावसायिक बेसबॉलचा आरंभ अमिरातीत झाला असे मानणेही चूक आहे. या लीगचे पहिले प्रदर्शनीय सामने आशिया चषकाचा तो अंतिम सामना पुढे जिथे झाला त्याच दुबई क्रिकेट स्टेडियमवर नोव्हेंबर 2023 मध्ये झाले, आणि तोवर रिंकूच्या पहिल्या विजयाला चौदा वर्षे उलटून गेली होती.