रंगीत बंदूक : खेळणे की शस्त्र?

टिकल्यांची बंदूक कोणाला आठवत नाही? दिवाळीच्या आधी आठ दिवस ती हातात आली, की पहिल्या अंघोळीपर्यंतही धीर निघत नसे. चाळीत, वाड्यात, अंगणात एकमेकांवर ती रोखून आपण खुशाल उडवत होतो आणि घरातली मोठी माणसे कौतुकाने पाहत होती. खरी बंदूक दिसलीच, तर बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावर. आपल्यापैकी बहुतेकांची बंदुकीशी ओळख एवढीच, आणि तीच घेऊन आपण अमेरिकेत आलो.

गेल्या उन्हाळ्यात एका अमेरिकन सहकाऱ्याकडे आम्ही सहकुटुंब जेवायला गेलो होतो. बैठकीच्या खोलीतल्या फळीवर एक गुलाबी पिस्तूल पडले होते. त्यांच्या मुलीचे खेळणे असेल असे समजून आम्ही ते बाजूला सारणार, तोच घरच्या बाई धावत आल्या. पिस्तूल खरे होते, त्यांचे स्वतःचे होते; आणि आमचा सात वर्षांचा मुलगा त्याच खोलीत खेळत होता. बाईंनी मनापासून क्षमा मागितली. परंतु परतताना एक प्रश्न आमच्या मनातून जाईना. आम्हा मोठ्यांना जे ओळखता आले नाही, ते मुलाने कसे ओळखावे?

खेळण्यातली बंदूक रंगावरून ओळखायची ही रीत या देशात कायद्यानेच घातली आहे. १९८८ साली अमेरिकन काँग्रेसने केलेल्या कायद्यानुसार खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्याच्या नळीच्या तोंडाशी भडक नारिंगी बूच असावे लागते. खेळणे सबंध पांढरे किंवा भडक लाल, पिवळे, हिरवे, निळे, गुलाबी असले तरी चालते. पण हा नियम खेळण्यांपुरता. खऱ्या बंदुकीला हेच रंग देण्यास केंद्राच्या कायद्याची आडकाठी नाही. न्यूयॉर्क शहराने २००६ साली अशा रंगकामाला बंदी केली. बहुतेक ठिकाणी मात्र मोकळीक आहे.

ही मोकळीक कुठवर जाते पाहा. २०२१ साली युटा राज्यातील एका कंपनीने खरे ग्लॉक पिस्तूल लाल, पिवळ्या, निळ्या ठोकळ्यांनी मढवून विकायला काढले. ते हुबेहूब मुलांच्या लेगोसारखे दिसे. लेगो कंपनीने हरकत घेतल्यावर ते मागे घेण्यात आले. त्याच वर्षी उत्तर कॅरोलायनातील कटॉबा काउंटीत शेरीफच्या माणसांना एका छाप्यात असेच एक पिस्तूल सापडले. बाहेरून ते ‘नर्फ’ या प्रसिद्ध खेळण्यासारखे केलेले होते.

रंग देणाऱ्यांचीही बाजू आहे. कोणाला आवड म्हणून, कोणाला आपली वस्तू चटकन ओळखता यावी म्हणून, तर कोणाला काळ्या पिस्तुलाची धास्ती वाटते म्हणून रंग हवा असतो. कुलपात ठेवलेली रंगीत बंदूक उघड्यावर टाकलेल्या काळ्या बंदुकीपेक्षा केव्हाही बरी, हेही खरे. परंतु जी खूण खेळण्याची म्हणून सर्वांनी मानली, तीच शस्त्रावर चढली की त्या खुणेला अर्थ उरत नाही.

याचा दुसरा तोटा पोलिसांच्या बाजूने होतो. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी क्लीव्हलंड येथे टमीर राइस या बारा वर्षांच्या मुलावर पोलिसाने गोळी झाडली. त्याच्याजवळ खेळण्यातले पिस्तूल होते, पण त्याची नारिंगी खूण निघालेली होती. गाडी थांबल्यापासून दोन सेकंदांच्या आत हे घडले. दुसऱ्या दिवशी मुलगा गेला. आता रंगीत बंदुकाही खऱ्या असू शकतात असे म्हटल्यावर, ज्या खेळण्याची खूण शाबूत आहे त्यावर तरी पोलिसाने विश्वास कसा ठेवावा?

‘आमच्या मुलाला सगळे समजते’, असे आपण म्हणतो. २००१ साली ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोन-दोन, तीन-तीन करून एका खोलीत बसवले. तेथील खणात खरे पण निर्धोक केलेले पिस्तूल लपवले होते. २९ गटांपैकी २१ गटांना ते सापडले. १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांत कोणीतरी चाप ओढला. ज्यांना ते सापडले त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना ते खेळणे वाटले किंवा खात्री करता आली नाही. त्या पिस्तुलाला गुलाबी रंगही नव्हता! हाताळणाऱ्या किंवा चाप ओढणाऱ्या दहांपैकी नऊहून अधिक मुलांना बंदुकीबद्दलची सावधगिरी आधी शिकवलेली होती, ही गोष्ट तर अधिकच विचार करायला लावणारी आहे.

तेव्हा मुलांना शिकवावे जरूर, पण भिस्त ठेवावी ती मोठ्यांवर. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेचा सल्ला साधा आहे. घरात बंदूक नसणे सर्वांत चांगले. असलीच तर ती रिकामी करून कुलपात ठेवावी आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. मूल दुसऱ्याकडे खेळायला पाठवण्यापूर्वी त्या घरी बंदूक आहे का आणि ती कशी ठेवली आहे, हे विचारावे. येथेच आपला संकोच आडवा येतो. पण वाचकहो, जेवणात गोमांस आहे का, केकमध्ये अंडे आहे का, हे आपण न लाजता विचारतोच ना? मग हाही प्रश्न त्याच ओघात विचारावा. आम्ही तो आता विचारतो, आणि आजवर कोणी रागावलेले नाही.

मुलांना सांगायचे एवढेच: बंदूक काळी असो, गुलाबी असो, ती खरीच समजायची. हात लावायचा नाही, खोलीबाहेर पडायचे आणि मोठ्या माणसाला सांगायचे. आपल्या घरातल्या खेळण्याचे नारिंगी बूचही काढू देऊ नये. तसे बूच नसलेली, गावाहून आलेली टिकल्यांची बंदूक असेल, तर ती घेऊन मुलाला रस्त्यावर जाऊ देऊ नये. चाळीच्या अंगणात जे कौतुकाचे होते, ते येथे जिवावर बेतू शकते.