'वेदना' या शब्दाचा अर्थ

मराठी वाचक पालि सुत्तांकडे वळतो तेव्हा 'वेदना' हा शब्द त्यास परका वाटत नाही, आणि नेमका येथेच घोटाळा होतो. प्रसववेदना, वेदनाशामक अशा शब्दांमुळे आपल्या भाषेत वेदना म्हणजे पीडा, हा एकच अर्थ रूढ झाला आहे. पालि वाङ्मयातील वेदना याहून पुष्कळ व्यापक आहे.

'विद्' म्हणजे जाणणे. या धातूपासून वेदना हा शब्द सिद्ध झाला. विद्या, वेद, निवेदन हे शब्दही त्याच कुळातील होत. त्यामुळे वेदना म्हणजे मूलतः जाणवणे, अनुभवणे. सुखद, दुःखद आणि अदुक्खमसुख, म्हणजे सुखदही नव्हे व दुःखदही नव्हे, असे तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. पाच इंद्रिये व मन यांपैकी कोणत्याही द्वाराशी विषयाचा स्पर्श झाला की ती उत्पन्न होते. म्हणून ती कायिक असते, तशीच मानसिकही. मज्झिमनिकायातील बहुवेदनीय सुत्तात निरनिराळ्या दृष्टींनी तिचे २ पासून १०८ पर्यंत प्रकार मोजले आहेत.

पीडेचा अर्थ पालि भाषेस अपरिचित होता असे नाही. महापरिनिब्बान सुत्तात बेलुवगामातील अखेरच्या वर्षावासात भगवंतांना जडलेल्या आजाराचे वर्णन आहे. तेथे वेदना म्हणजे पीडाच. परंतु ती तीव्र व मरणप्राय होती, हे विशेषणांनी स्पष्ट केले आहे.

एवढ्या अर्थभेदाने काय बिघडते? प्रतीत्यसमुत्पादात वेदनेतून तृष्णा उत्पन्न होते. वेदना म्हणजे केवळ पीडा मानली, तर सुखाच्या आसक्तीचा उगमच आपल्या दृष्टीआड होतो. चूळवेदल्ल सुत्तात धम्मदिन्ना थेरी विशाखास सांगतात की, सुखद वेदनेमागे रागाचा, दुःखद वेदनेमागे प्रतिघाचा म्हणजे द्वेषाचा, आणि तिसऱ्या वेदनेमागे अविद्येचा अनुशय, म्हणजे सुप्त संस्कार, दडलेला असतो.

वेदनानुपस्सना म्हणजे दुखणे सोसत बसणे नव्हे. गुडघ्यातील कळ जशी पाहावयाची, तशीच मंद वाऱ्याची सुखद झुळूकही. आणि जेथे विशेष काहीच जाणवत नाही तेथेही सावध राहावयाचे. आज विपश्यना साधकांच्या बोलण्यात 'संवेदना' हा शब्द रुळला आहे. त्याने पीडेचा गैरसमज टळतो, हे खरे. तथापि सुत्त वाचताना आपण 'वेदना' या शब्दाचा मूळ अर्थ ध्यानी ठेवणेच श्रेयस्कर होय.